आतडं जोडल्यावर पोटावर तात्पुरती पिशवी लागतेच का?

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीच्या एका ताईंच्या वडिलांना (वय 61) गुदाशयाचा कॅन्सर आहे. गाठ गुदद्वारापासून साधारण 6 सेंटिमीटरवर. रेडिएशन आणि केमो दोन्ही पूर्ण झालं, आता ऑपरेशन आहे. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. एका सर्जननी सांगितलं की गाठ काढून आतडं परत जोडू, पण दोन-तीन महिने पोटावर पिशवी ठेवावी लागेल. दुसऱ्यांनी सांगितलं की जोड चांगला बसला तर पिशवीशिवायही भागेल. वडील म्हणतात, पिशवी लावणार असतील तर मला ऑपरेशनच नको. ताई विचारतात, आतडं जोडणारच आहेत तर पिशवी कशाला? आणि एकदा लावली की ती खरंच निघते का?

ताई, आधी माझं मत सांगतो, मग कारणं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पिशवी ठेवावी असं मला वाटतं. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यांचा एमआरआय पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच. पण गाठ इतकी खाली, रेडिएशन झालेलं, पुरुष आणि त्यात मधुमेह, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी तात्पुरता स्टोमा, म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड काढून त्याला पिशवी लावणं, करतोच. दुसरे डॉक्टर चुकीचं बोलले असं मात्र मी म्हणणार नाही. ते कुठल्या अटींवर खरं ठरतं ते पुढे येईल.

आधी हा जोड नेमका काय असतो ते समजून घ्या. गुदाशयाचा रोगट भाग काढल्यावर वरून मोठं आतडं खाली ओढून आणतात आणि गुदद्वाराच्या वर उरलेल्या तुकड्याला स्टेपलरने जोडतात. तुमच्या वडिलांचा जोड बहुधा गुदद्वारापासून तीन-चार सेंटिमीटरवर येईल. ही जागा अवघड आहे. पुरुषांचं ओटीपोट अरुंद असतं, हात आणि स्टेपलर फिरवायला जागा कमी. गुदाशयाच्या खालच्या भागाला बाहेरून ते चिवट, गुळगुळीत आवरण नसतं जे वरच्या आतड्याला असतं आणि जे टाके धरून ठेवतं. वरून आणलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा लांबून येतो. रेडिएशन झालेल्या मांसाला भरून यायला वेळ लागतो. म्हणून वर पोटात केलेल्या जोडापेक्षा इथला जोड फाटण्याची, म्हणजे लीक होण्याची, शक्यता कितीतरी जास्त असते.

लीक बहुतेकदा ऑपरेशननंतरच्या चौथ्या ते आठव्या दिवसाच्या आसपास कळतो, कधी त्याहून उशिरा. मळ ओटीपोटात झिरपतो, पू होतो, ताप येतो, नाडी वाढते, पोट फुगतं. पिशवी नसेल तर मळ त्या भोकातून येतच राहतो आणि रात्री-अपरात्री पुन्हा पोट उघडावं लागतं. त्या घाईच्या ऑपरेशनमध्ये जोड बऱ्याचदा सोडून द्यावा लागतो, आणि जी पिशवी टाळण्यासाठी सगळी धडपड केली ती पोटावर येतेच, तीही आजारी, थकलेल्या माणसाच्या, आणि कित्येकदा कायमची.

स्टोमा केला असेल तर लहान आतड्याच्या शेवटाजवळचा एक वेढा पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढलेला असतो. मळ तिथूनच पिशवीत उतरतो, खालच्या जोडापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. एक गोष्ट रुग्णांना मी नेहमी स्पष्ट सांगतो. पिशवीमुळे जोड जास्त घट्ट होत नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर पिशवी असतानाही जोडाला भोक पडू शकतं. फरक एवढाच की त्या भोकातून मळ पोटात जात नाही, आणि ते भोक बहुतेक वेळा अँटिबायोटिक, एखादी नळी आणि थोडा धीर यांवर भरून येतं. माणूस अतिदक्षता विभागात जाण्याऐवजी वॉर्डातच बरा होतो.

याला पुरावा आहे. स्वीडनमध्ये 21 इस्पितळांनी मिळून 234 रुग्णांवर केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा जोड गुदद्वारापासून 7 सेंटिमीटरच्या आत होता. जोड बसल्यावर चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं, अर्ध्यांना तात्पुरता स्टोमा, अर्ध्यांना नाही. स्टोमा नसलेल्यांत 28 टक्के लोकांना त्रासदायक लीक झाला, स्टोमा असलेल्यांत 10.3 टक्क्यांना. तातडीने पुन्हा पोट उघडावं लागलं ते अनुक्रमे 25.4 आणि 8.6 टक्क्यांत. त्यानंतरच्या बहुतेक अभ्यासांचा कल याच बाजूला आहे.

त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. साडेतीन वर्षांच्या आसपास पाहिलं तेव्हा सुरुवातीला स्टोमा दिलेल्यांपैकी 13.8 टक्क्यांच्या पोटावर अजून पिशवी होती, आणि सुरुवातीला न दिलेल्यांपैकी 16.9 टक्क्यांच्या. म्हणजे 'पिशवी नको' म्हणून ऑपरेशन झालेल्यांपैकीही तितक्याच लोकांना शेवटी पिशवी घेऊन राहावं लागलं. तुमच्या वडिलांना पहिल्या दिवशी पिशवी नाकारून पुढची पिशवी टळेल असं वाटत असेल, तर हा आकडा त्यांना शांतपणे वाचून दाखवा.

आता दुसऱ्या बाजूचं. प्रत्येक जोडाला पिशवी लागत नाही, आणि लागत नसताना ती लावणं हाही रुग्णावर अन्यायच. उजव्या बाजूचं मोठं आतडं काढून लहान आतडं मोठ्याला जोडलं, ऑपरेशन ठरवून केलेलं असेल आणि रुग्ण धडधाकट असेल, तर पिशवीचा प्रश्नच येत नाही. डाव्या बाजूच्या, सिग्मॉइडच्या (गुदाशयाच्या लगेच वरचं मोठं आतडं) किंवा गुदाशयाच्या अगदी वरच्या भागातल्या जोडालाही सहसा नाही. आपल्याकडे कुणाच्याही आतड्याचं ऑपरेशन म्हटलं की शेजारीपाजारी लगेच 'आता पिशवी' म्हणतात, ते खरं नाही.

खालच्या जोडातही काही रुग्णांत पिशवीशिवाय जाता येतं, आणि तुमचे दुसरे डॉक्टर त्याविषयीच बोलत असावेत. रुग्ण तरुण, बारीक अंगाचा, सिगारेट न ओढणारा, स्टेरॉइड न घेणारा, रेडिएशन न झालेला. टेबलावर आतड्याच्या दोन्ही टोकांतून ताजं लाल रक्त येतंय. जोड ताणाखाली नाही. खालून हवा भरून पाण्याखाली तपासलं तर एकही बुडबुडा नाही. आता बऱ्याच ठिकाणी हिरवा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्यात रक्तपुरवठा पाहता येतो, आयसीजी म्हणतात त्याला. हे सगळं मनासारखं असलं तर काही सर्जन पिशवी टाळतात, आणि ते विचार करूनच टाळतात. काही जण मधला मार्ग घेतात. लहान आतड्याच्या वेढ्याला एक फीत घालून ती त्वचेखाली ठेवून देतात. लीकची चिन्हं दिसली तर तोच वेढा सहज बाहेर काढता येतो, नाही दिसली तर काही दिवसांनी फीत ओढून काढतात.

पण पिशवी टाळली तर पुढचे दहा दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, खाली येतंय का, हे मी बघतोच. ते उतरायच्या ऐवजी दीडशेच्या वर चढत राहिलं की रुग्ण कितीही हसतमुख दिसला तरी सीटी स्कॅन करून घ्यावं. इथे गोव्याचा एक प्रश्न येतो. लीक आठव्या दिवशी, घरी गेल्यावर झाला तर? पणजीजवळ राहणाऱ्या माणसाला अर्ध्या तासात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, आणता येतं. काणकोणच्या आतल्या गावातून, सत्तरीच्या डोंगरातून किंवा पलीकडे दोडामार्गहून पावसाळ्यात रात्री निघालेल्या माणसाला किती वेळ लागेल? आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, मग गोमेकॉत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या इस्पितळाच्या शेजारी राहणाऱ्या रुग्णासाठी योग्य असलेला धोका आपल्याकडच्या सगळ्यांसाठी योग्य असेलच असं नाही. मी निर्णय घेताना रुग्णाचं गाव विचारतो ते याचसाठी.

आता पिशवीची किंमत. ती लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण आधी न सांगितल्यामुळेच लोक नंतर चिडतात.

पहिली आणि सगळ्यांत मोठी अडचण अंगातलं पाणी आणि मीठ कमी होण्याची. अन्नातलं पाणी आणि मीठ शोषून घेण्याचं शेवटचं काम मोठ्या आतड्याचं, आणि लहान आतड्यावरच्या स्टोमात मोठं आतडं वाटेतून बाजूला पडतं. दिवसाला 500 ते 1000 मिली पातळसर मळ येणं ठीक. दीड लिटरच्या वर गेलं की धोक्याची खूण. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात रुग्ण पुन्हा दाखल होतात ते सर्वाधिक वेळा याच कारणाने. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घाम असा येतो की निरोगी माणूसही गळून जातो, मग स्टोमावाल्याचं काय होत असेल!

घरचे काय करतात? पाणी पाज पाणी पाज करतात, शहाळी आणतात. मायेने करतात, पण इथेच घोटाळा होतो. स्टोमातून पाण्याबरोबर मीठ जातं. नुसतं साधं पाणी भरपूर प्यायलं तर ते आतड्यातून आणखी मीठ ओढून घेतं आणि पिशवी अधिकच भरते. शहाळ्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. मूत्रपिंड आधीच कोरडं पडलेलं असेल, वर बीपीच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवणाऱ्या असतील, तर शहाळ्यांचा मारा धोक्याचा ठरतो. एखादं शहाळं चवीला चालेल, उपचार म्हणून नाही. उपचार म्हणजे ओआरएस. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला पाहून घ्या. एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घाला आणि दिवसभर घोट घोट प्या. गोड चवीची तयार पेयं, थंड सरबतं, शीतपेयं यांनी जुलाब वाढतात.

आणि पेज. सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज, त्यात नेहमीपेक्षा थोडं जास्त मीठ, ही स्टोमावाल्यासाठी मला माहीत असलेली उत्तम न्याहारी. मीठ, पाणी, पिष्ट तिन्ही एकत्र, आणि ते आतड्यात टिकतं. रक्तदाबामुळे तुमच्या वडिलांना वर्षानुवर्षं 'मीठ कमी खा' सांगितलं असेल. स्टोमा असेपर्यंत तो नियम बहुधा बाजूला ठेवावा लागेल, पण स्वतःहून नाही, डॉक्टरांना विचारून. त्याच भेटीत बीपीच्या आणि मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एका डब्यात घालून घेऊन जा आणि समोर मांडा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती या काळात अंगातलं पाणी आणखी कमी करते, आणि बऱ्याचदा कुणीही न थांबवल्यामुळे ती चालूच राहते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्याही लघवीवाटे पाणी घालवतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधी कधी पिशवीत अख्ख्याच्या अख्ख्या पडलेल्या दिसतात, तसं दिसलं तर लगेच सांगा.

केळं, भात, पाव, बटाटा यांनी मळ थोडा दाट होतो. पहिले सहा-आठ आठवडे ओल्या खोबऱ्याचे तुकडे, काजू, फणसाचे गरे, कोवळे बांबू, कच्च्या भाज्यांचे दोरे टाळा. वेढा नुकताच बाहेर काढलेला असतो, त्याला सूज असते, आणि चावून न बारीक झालेला चोथा तिथे अडकतो. पिशवी काही तास कोरडी, पोटात मुरडा आणि उलटी, असं झालं की घरगुती उपाय करत बसू नका. हुमण (माशांची आमटी) आणि भात खायला हरकत नाही, नारळ बारीक वाटलेला असतो.

दुसरी अडचण त्वचेची. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचक रस असतात, ते त्वचेला लागले की ती जळते. पिशवीच्या चकतीला जे भोक कापतात ते स्टोमाच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. पहिल्या आठवड्यात मोठा दिसणारा स्टोमा सहा-आठ आठवड्यांत बराच आकसतो, आणि घरी मात्र सुरुवातीच्या मापानेच भोक कापत राहतात. मग उघड्या त्वचेचं वर्तुळ लाल होतं, ओलं होतं, चकती चिकटत नाही, गळते, आणि माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. दर आठवड्याला माप घ्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, भरून लोंबकळू देऊ नका, वजनाने चकती सुटते. चकती तीन ते पाच दिवसांनी बदला, दमट हवेत कदाचित थोडं लवकर. त्वचा नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेलकट साबण, पावडर, खोबरेल काही लावू नका. स्टोमा स्वतः लाल, ओलसर आणि न दुखणारा असतो. तो काळसर पडला तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

ही सगळी शिकवण देणारी स्टोमा नर्स जिथे असते तिथे अर्धे प्रश्न उभेच राहत नाहीत. ऑपरेशन ठरवताना विचारा, तुमच्याकडे स्टोमा केअरची प्रशिक्षित नर्स आहे का आणि डिस्चार्जनंतर तिला फोन करता येईल का. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली ऑपरेशन करत असाल तर घरी लागणाऱ्या पिशव्यांचा खर्च त्यात बसतो का, हेही आधीच विचारून घ्या. पिशव्या स्वस्त नाहीत आणि दोन-तीन महिने लागणार आहेत.

वडिलांच्या नकाराविषयी. लोक पिशवीला घाबरतात ते बहुधा तिच्या जागेमुळे आणि वासामुळे, आणि या दोन्हींवर उपाय आहे. जागा आदल्या दिवशी ठरवून घ्यायची असते, टेबलावर आडवं झाल्यावर नाही. पेडण्याकडचे एक पुजारी आठवतात. त्यांना एकच काळजी, पिशवी असताना देवाची पूजा करता येईल का. आमच्या नर्सने त्यांना खाटेवर आडवं करून उजव्या बाजूला पेनने खूण केली. मग उभं केलं, मांडी घालून बसवलं, नमस्कार करायला वाकवलं. वाकल्याबरोबर खूण पोटाच्या वळीत नाहीशी झाली, आणि सोवळ्याची गाठ नेमकी तिच्यावर आली. तिने खूण दोन बोटं वर आणि जरा बाहेर घेतली, पुन्हा बसवलं, पुन्हा वाकवलं. आता ती त्यांना स्वतःला वरून दिसत होती आणि गाठीच्या वर होती. ऑपरेशननंतर ते रोज आंघोळ करून, पिशवी रिकामी करून, पूजेला बसत. तुमच्या वडिलांना पँटचा पट्टा कुठे लागतो, ते लुंगी कशी नेसतात, शेतात वाकतात का, हे नर्सला दाखवू द्या. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी आणि साडीच्या निऱ्या बघाव्या लागतात. पिशवी नीट बसलेली असली तर वास येत नाही, तो फक्त रिकामी करताना येतो.

मूत्रपिंड आधीच कमकुवत असलेल्या, एकट्या राहणाऱ्या वयस्कर रुग्णात मी कधी कधी लहान आतड्याऐवजी मोठ्या आतड्याचा वेढा बाहेर काढतो. त्याचा मळ दाट, पाणी कमी जातं. पण तो स्टोमा मोठा असतो, बाहेर लोंबण्याची शक्यता जास्त आणि वासही जास्त. म्हणून बहुतेकांसाठी लहान आतड्याचाच बरा. तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून हा प्रश्न त्यांच्या सर्जनना जरूर विचारा.

आता 'निघते का'. बहुसंख्यांची निघते. पण वेगवेगळ्या देशांच्या नोंदी पाहिल्या तर तात्पुरत्या म्हणून केलेल्या स्टोमांपैकी साधारण पाचातला एक कधीच बंद होत नाही. कारणं वेगवेगळी. जोड नीट भरला नाही किंवा आकसून अरुंद झाला, कॅन्सर परत आला, माणूस दुसरं ऑपरेशन सोसण्याइतका सशक्त राहिला नाही. आणि एक कारण असं की जे टाळता येतं, ते म्हणजे तारीखच ठरलेली नसते. केमो चालू राहते, मग ऑपरेशनच्या यादीत नंबर मागे पडतो, मग चवथ (गणेशचतुर्थी) येते, मग घरातलं लग्न, आणि बघता बघता वर्ष उलटतं. डिस्चार्जच्या कागदावरच 'स्टोमा बंद करण्याआधीची तपासणी' म्हणून महिना लिहून घ्या.

तुमच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. वडिलांची केमो ऑपरेशनच्या आधीच झाली आहे. पूर्वी केमो ऑपरेशननंतर द्यायचे, आणि ती संपेपर्यंत स्टोमा बंद करायला थांबावं लागायचं, सहा-आठ महिने सहज जायचे. आता उपचार आधी संपल्यामुळे आठ ते बारा आठवड्यांत बंद करण्याचा विचार होऊ शकतो. डेन्मार्क आणि स्वीडनच्या डॉक्टरांनी 2017 साली दाखवलं की निवडक रुग्णांत, जोड भरल्याची खात्री करून, ऑपरेशननंतर 8 ते 13 दिवसांत स्टोमा बंद केला तरी चालतं, त्या गटात गुंतागुंत कमी झाली. मी हे सरसकट करत नाही, मधुमेह आणि रेडिएशन असलेल्यात तर नाहीच. पण 'लवकर करता येईल का' हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आणखी एक विचारा, ऑपरेशनच्या आधीच. रेडिएशन-केमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी झाली आहे का? ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टर अँजेलिता हाब्र-गामा यांनी पुढे आणलेली पद्धत आहे. बोटाने तपासून, दुर्बिणीने आणि एमआरआयमध्ये गाठीचा मागमूसही दिसत नसेल तर काही निवडक रुग्णांत ऑपरेशन न करता ठरावीक अंतराने कडक तपासण्या ठेवतात. थोडी जरी गाठ उरली असेल तर हा मार्ग नाही. पण उपचार संपल्यावर नवा एमआरआय झाला नसेल तर तो आधी करून घ्या, मग पिशवीवर वाद घाला.

इतर रुग्णांसाठीही दोन शब्द, कारण असाच प्रश्न अनेकांना पडतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सतत सूज आणि जखमा होण्याच्या आजारात, मोठं आतडं पूर्ण काढून लहान आतड्याची पिशवीसारखी जागा आतच तयार करतात, पाऊच म्हणतात तिला. 1978 साली पार्क्स आणि निकोल्स यांनी या पद्धतीचं पहिलं वर्णन केलं. तिथे रुग्ण बहुधा स्टेरॉइडवर असतात, म्हणून तात्पुरता स्टोमा बहुतेक सर्जन करतात, आणि मी स्टेरॉइडवरच्या रुग्णात तरी तो टाळू नये म्हणतो. आतडं फुटून, पोटात मळ सांडून, रक्तदाब ढासळलेल्या अवस्थेत तातडीने आलेल्या रुग्णात जोडाचा हट्टच धरू नये, आधी जीव. जन्मतः गुदद्वार नसलेल्या बाळांत काही प्रकारांत आधी कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, लागते, काहींत नाही, ते बालशल्यतज्ज्ञ ठरवतात.

स्टोमा बंद करण्याआधी बोटाने जोड तपासतात आणि खालून औषध सोडून एक्स-रे काढतात. बंद करण्याचं ऑपरेशन तुलनेने लहान, बहुतेक वेळा स्टोमाच्याच जागेतून होतं, पूर्ण पोट उघडत नाहीत. तरी ते ऑपरेशनच आहे. आतडं काही दिवस सुस्त पडू शकतं, जखमेत पू होऊ शकतो, पुढे त्या जागी हर्निया येऊ शकतो. त्वचा पूर्ण न शिवता थैलीच्या तोंडासारखी आवळून मध्ये छोटं भोक ठेवलं तर पू कमी होतो. तिथली जखम काही आठवडे ड्रेसिंगने भरून येते. तेवढा काळ वडिलांना नारळाची पोती, पाण्याची कळशी उचलू देऊ नका.

आणि पिशवी निघाल्यावर लगेच सगळं पूर्वीसारखं होईल ही अपेक्षा ठेवू नका, याची तयारी आत्ताच करायची असते. गुदाशय म्हणजे मळ साठवायची जागा, ती काढलेली आहे. पहिले काही आठवडे दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागणं, एकदा जाऊन आल्यावर लगेच परत जावं लागणं, घाई लागली की थांबता न येणं, हे होतं. रेडिएशन झालेल्यांत जास्त. याला लार्स म्हणतात. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं, पुढे वर्ष-दीड वर्ष सुधारत राहतं. लोपेरामाइड, इसबगोल, जेवणाच्या वेळा ठरवणं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, मागच्या त्वचेला झिंकचं मलम, हे सगळं उपयोगी पडतं. व्यायाम स्टोमा असतानाच, बंद व्हायच्या आधीच सुरू केले तर चांगलं, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. वर्षानंतरही माणूस घर सोडून कदंबा बसने म्हापशाला जायला धजावत नसेल तर सर्जनना तसं स्पष्ट सांगा. खालून कोमट पाण्याने आतडं धुऊन दिवसभर मोकळं राहण्याची पद्धत आहे, ती घरी करता येते. क्वचित काही रुग्ण त्या त्रासापेक्षा नीट जागी केलेली कायमची कोलोस्टॉमी स्वतःहून मागतात, आणि ती दिल्यावर परत कामाला जातात.